घराला रंग लावताय? आधी गॅस बाहेर काढा



या पानावर मी एरवी भात, वाल आणि बांधावरच्या भाजीचं लिहितो. आजची नोंद घरातली आहे, पण कामाची आहे. भाताची झोडणी उरकली, चार पैसे हातात आले की आपल्याकडं घराला रंग लावायचं निघतं. पुढं लग्नसराई असते, पाव्हणे येणार असतात. रंग कोणता, डबा केवढ्याला, पेंटर रोज किती घेतो याची चौकशी सगळे करतात. गॅसचं काय करायचं हे कोणी विचारत नाही. पेंटर म्हणतो ताडपत्री टाका, आपण टाकतो.

यंदा आमच्या ठाकुरवाडीत घरकुलाच्या ओळीत चार घरांना रंग लागला. त्यात आमचंही घर होतं. मुलीला बघायला रविवारी पाव्हणे येणार होते आणि बुधवारी काम सुरू झालं, म्हणजे हातात चारच दिवस. घाई होती, वाद झाले, तरी एक गोष्ट आम्ही नीट केली आणि तिचा उपयोग झाला. ती तुम्हाला सांगतो.

आधी घर कसं आहे ते सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. जुनी घरं कुडाची होती. कारवीच्या काठ्या, त्यावर शेणमातीचा लेप, वर कौल किंवा गवत. धूर आणि वारा दोन्ही फटीतून निघून जायचे. रंग म्हणजे चुना, गेरू नाहीतर पांढरी माती, पाण्यात कालवायची आणि फडक्यानं ओढायची. त्याच्यानं आग लागायचा प्रश्न नव्हता. आता सिमेंटची घरकुलं झाली. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत घराचं क्षेत्र कमीत कमी २५ चौरस मीटर धरलंय, म्हणजे २६९ चौरस फूट, आणि तेही स्वयंपाकाच्या जागेसकट. एक दार, एखाद-दुसरी खिडकी, पाऊस आत येऊ नये म्हणून उंच उंबरा. ज्या खोलीत आपण झोपतो त्याच खोलीत ओटा, ओट्याखाली सिलिंडर. त्याच २०१६ साली १ मे रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि वाड्यावस्त्यांवर गॅस आला. दोन्ही चांगल्या गोष्टी. पण बंद खोली, तेलाचा रंग आणि सिलिंडर हे तिघं एका जागी यायला लागले ते तेव्हापासून.

शहरातल्या मोठ्या घरात स्वयंपाकघर रंगवताना बाकीच्या खोल्या मोकळ्या असतात. आपल्याकडं घर रंगवायचं म्हणजे स्वयंपाकघरच रंगवायचं. हा फरक लक्षात ठेवा.

आता गॅसचं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन नावाचं गंधकाचं रसायन मिसळतात. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो या रसायनाचा. प्रमाण असं ठेवतात की पेट घ्यायला जेवढा गॅस हवेत लागतो त्याच्या पाचव्या हिश्श्याइतका असला तरी माणसाला वास यावा. म्हणजे घरात धोक्याची घंटा एकच आहे, ती म्हणजे आपलं नाक.

आणि तेलाचा रंग लावला की तीच घंटा बंद पडते. ऑईल पेंट, प्रायमर, टर्पेंटाइन, थिनर यांचा वास खोलीत भरला की अर्ध्या तासात नाक त्याला सरावतं आणि मग दुसरा बारीक वास कळतच नाही. रंगाच्या दिवशी घरात कोणाला विचारा, गॅसचा वास येतोय का. तो म्हणेल, मला फक्त रंगाचा येतोय. म्हणून रंगाच्या दिवसांत "वास आला तर बंद करू" या भरवशावर राहता येत नाही. आधीच बंद करून बाहेर काढायचा.

आमच्या घरात तर आणखी एक गोष्ट. आयचं वय झालं, तिला गेली काही वर्षं वासच येत नाही. भाकरी करपली तरी तिला धूर दिसल्यावर कळतं. दुपारी सगळे शेतावर गेले की घरात ती आणि सुनेचं पाच महिन्यांचं लेकरू. माझ्या डोक्यात हे दोघंच होते.

दुसरी गोष्ट वजनाची. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. सुटला की वर जात नाही, खाली जमिनीवर पसरतो. मी वाडीत सांगताना भाताच्या खाचराचं उदाहरण देतो. खाचरात पाणी सोडलं की ते बांधापर्यंत पसरतं आणि थांबतं, मोरी उघडल्याशिवाय बाहेर जात नाही. घरातला गॅस तसाच पसरतो आणि आपला उंच उंबरा त्याचा बांध होतो. वरचा झरोका उघडा आहे म्हणून निर्धास्त राहू नका, झरोक्यातून हा गॅस निघत नाही. थिनर आणि टर्पेंटाइनची वाफही हवेपेक्षा जड, तीही खालीच बसते. दोन्ही एकाच खाचरात.

हिशोब आवडणाऱ्यांसाठी ढोबळ हिशोब देतो. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो, साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की हवा कमी पडते. २६९ चौरस फुटांच्या खोलीत जमिनीपासून फूटभर उंचीच्या थरात २ टक्के व्हायला साधारण ३०० ते ३५० ग्रॅम गॅस पुरतो. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो असतो. शेगडीचा मोठा बर्नर तासाला दीडशे ते दोनशे ग्रॅम घेतो. रंगारी ओट्याजवळ वाकताना त्याच्या कोपरानं शेगडीची कळ फिरली, तर दोन तासांत खोलीच्या तळाला पेटण्याजोगा थर होऊ शकतो. दार उघडं असलं तर कमी, बंद असलं तर आणखी लवकर.

थिनरचंही सांगतो. मिनरल टर्पेंटाइनची वाफ ३० ते ४० अंशांच्या दरम्यान ठिणगीनं पेटण्याइतकी होते. आपल्या कर्जत-खालापूरकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, म्हणजे उन्हाळ्यात रंग काढणाऱ्यांनी जास्त जपायचं. फवारणी गनला लागणारा एनसी थिनर तर थंडीच्या सकाळीही पेटतो. डब्यावर आगीची खूण छापलेली असते. आपण कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल-पिवळा त्रिकोण बघतो तशी ही खूणही बघायची. आणि हो, ज्या औषधाच्या नावापुढं ईसी लिहिलेलं असतं त्यातलं द्रावकही बहुतेक वेळा पेट घेणारं असतं. रंगाच्या वेळी घर रिकामं करता तेव्हा ओट्याखालच्या त्या बाटल्याही निघू द्या. त्यांची जागा तशीही घरात नाही.

आता आमच्याकडं वाद काय झाला ते.

पेंटर नेरळकडचा, हाताला चांगला. तो म्हणाला, "काका, सिलिंडर कोपऱ्यात राहू द्या, वर ताडपत्री टाकतो. वीस वर्षं काम करतोय, कधी काय झालं नाही. पोरांना चहा लागतो, गॅस असला म्हंजे बरं." मी म्हटलं, "चहा मिळेल, बाहेर मिळेल. ताडपत्री टाकली तर गॅस दिसणार नाही एवढंच होईल. खालून सुटला तर तो ताडपत्रीतच साचणार." तो हसला. वीस वर्षं काही झालं नाही हे मी फवारणीतही ऐकतो. तोंडाला फडकं न बांधता फवारणारे सगळे हेच सांगतात.

खरा प्रश्न पेंटरचा नव्हता, घरचा होता. गॅस बाहेर काढायचा म्हणजे तीन-चार दिवस अंगणात तीन दगडांची चूल. आमची ही म्हणाली, "अवो, मुलीला बघायला लोक येनार आणि मी दारात धूर करत बसू? शेजारी म्हनतील गॅस संपला, भरायला पैसे न्हाईत." तिचं बोलणं खरं होतं. धुरात बसायचं तिनं आणि सुनेनं, नियम सांगायचा मी. लाकडंही दवानं ओलसर होती. मी म्हटलं, कनेक्शन तुझ्या नावावर आहे, काय करायचं ते तू ठरव, पण आयला वास येत नाही आणि लेकरू जमिनीवर झोपतं, एवढं ध्यानात घे. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "जमिनीवरच झोपतं ते." आणि उठून सिलिंडर सरकवायला लागली. तिथं वाद मिटला. धुराचं मात्र मी वाटून घेतलं. तीन दिवस सकाळची चूल मी पेटवली, रंगाऱ्यांचा चहा मी केला. तांदळाच्या भाकरी मला जमल्या नाहीत, त्या तिनंच केल्या.

आता गॅस बंद कसा केला तो क्रम. यात नवीन काही नाही, फक्त पायरी चुकवायची नाही.

१. पहिल्यांदा चूल, दिवा, बिडी, अगरबत्ती, डासांची कॉइल सगळं विझवलं. आयला विस्तव राखेखाली झाकून ठेवायची जुनी सवय आहे. राखेखालचा विस्तव दिसत नाही पण जिवंत असतो. त्यावर पाणी ओतलं.

२. शेगडीवर चहा झाला तेव्हा शेगडीची कळ बंद न करता आधी रेग्युलेटर बंद केला. पाइपमधला उरलेला गॅस जळून ज्योत आपोआप विझली. मग शेगडीच्या दोन्ही कळा बंद केल्या. असं केलं की पाइप रिकामा होतो.

३. दार-खिडकी उघडी ठेवून रेग्युलेटर बंद स्थितीतच काढला. सिलिंडरच्या तोंडावर दोरीला बांधलेलं टोपण असतं, ते दाबून बसवलं. हे टोपण पुष्कळ घरांत हरवलेलं असतं किंवा पोरांच्या खेळण्यात जातं. ते सांभाळा, खरा बंदोबस्त तोच आहे.

४. सिलिंडर उभाच ठेवून बाहेर नेला. आडवा करायचा नाही, लोळवायचा नाही. ठेवायची जागा सावलीची, वाऱ्याची आणि उंचवट्याची. खड्डा, गटार, विहिरीचा काठ, शेळ्यांचा खोलगट गोठा या जागा टाळा, कारण सुटलेला गॅस उताराला जातो. पेंढ्याच्या उडवीपासून आणि अंगणातल्या चुलीपासून चांगला लांब. आम्ही घरामागच्या कट्ट्यावर ठेवला, चूल दुसऱ्या अंगाला मांडली.

५. शेगडी आणि पाइपही बाहेर. पाइपला रंग लावू देऊ नका. पेंटर भिंतीबरोबर पाइपवरही ब्रश मारतो, दिसायला छान दिसतं. पण थिनर रबराला मऊ करतो आणि रंगाखाली चीर आणि पाइपवर छापलेली तारीख दोन्ही झाकून जातात. पाइप आयएसआय खुणेचा असावा आणि पाच वर्षांनी बदलावा. रेग्युलेटरला आणि सिलिंडरलाही रंग लावायचा नाही.

६. विजेचं. बोर्डाजवळ रंग लावताना मेन स्विच खाली. फ्रिज असेल तर त्याची पिन आधीच काढा, तो आपोआप चालू-बंद होताना ठिणगी पडू शकते. ही गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

कर्जत, खोपोलीकडं ज्यांच्याकडं गॅसचा गिझर आहे त्यांनी एक लक्षात ठेवा. तो नळ उघडला की बॅटरीच्या ठिणगीनं स्वतःच पेटतो. घरात थिनरची वाफ आणि कोणी हात धुवायला गरम पाण्याचा नळ सोडला, तर काडी न ओढता काडी ओढली जाते. त्याचा गॅस बंद करा आणि बॅटरीही काढून ठेवा.

गोबर गॅसवाल्यांसाठी वेगळं आहे. गोबर गॅसमध्ये साधारण ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो हवेपेक्षा किंचित हलका, म्हणून तो खाली न बसता वर छपराकडं जातो. तिथं वरचा झरोका उघडा पाहिजे. शेगडीजवळची कळ बंद करून थांबू नका, संयंत्राच्या घुमटावरचा मेन व्हॉल्व्ह बंद करा, म्हणजे घरात येणारी लाइनच बंद होते. सिलिंडरसारखा तो उचलून बाहेर नेता येत नाही आणि आत शेण कुजायचं थांबत नाही, गॅस होतच राहतो. म्हणून रंगाच्या दोन-तीन दिवस आधीपासून शेण घालणं कमी करा. दीनबंधूसारख्या पक्क्या घुमटाच्या संयंत्रात दाब वाढला की शेणकाला बाहेरच्या टाकीत ढकलला जातो आणि जास्तीचा गॅस बुडबुडे होऊन उघड्यावर निघून जातो. तेवढे दिवस त्या टाकीजवळ काडी ओढू नका, पोरांना जाऊ देऊ नका. त्याला सडक्या अंड्यासारखा वास असतो, पण रंगाच्या घरात तोही कळणार नाही.

रंगाच्या बाबतीत आम्ही दोन गोष्टी केल्या, त्यानं धोका अर्धा झाला. भिंतींना पाण्यातला डिस्टेंपर घेतला, त्याला थिनर लागत नाही. तेलाचा रंग फक्त दार, खिडक्या आणि कपाटाला. दाराची आणि खिडकीची झापं बिजागऱ्यातून काढून खळ्यावर नेली. झोडणी झालेली, खळं रिकामंच होतं. तिथं उन्हात-वाऱ्यात रंग लावला, दोन दिवसांत खडखडीत सुकला. घरात तेलाच्या रंगाचं काम फक्त चौकटी आणि लोखंडी कपाटाचं राहिलं. पेंटर आधी कुरकुरला, नंतर म्हणाला, "इथं हात बरा चालतो." आय आणि लेकरू तीन रात्री चुलत भावाच्या पडवीत झोपले.

एक गोष्ट रंगाऱ्याच्या फडक्यांची. तेलाच्या रंगात किंवा पॉलिशमध्ये जवसाचं उकळलेलं तेल असतं. त्यात भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापतात आणि पेटूही शकतात. शहरातल्या माणसाला हे खोटं वाटेल, आपल्याला वाटायला नको. ओलं गवत रचून ठेवलं की आतून वाफ येते, हात घातला तर भाजतो. ओल्या गवताची गंजी आतून पेटते हे गवताच्या वखारीत काम केलेल्या जुन्या माणसांना विचारा. गवतात आधी जिवाणू ऊब तयार करतात, तेलाच्या फडक्यात हवेतला प्राणवायू तेलाशी मिळून ऊब तयार करतो. ऊब बाहेर पडायला जागा मिळाली नाही की काय होतं ते दोन्हीकडं सारखंच. फडकी पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

आता जे झालं ते. शनिवारी संध्याकाळी काम संपलं. झापं बसवली, घर चकचकीत दिसायला लागलं. दुसऱ्या दिवशी पाव्हणे, म्हणून सगळ्यांना गॅस लगेच आत पाहिजे होता. सून म्हणाली, सकाळी पोहे करायला बरं पडेल. मी म्हटलं, आत न्यायच्या आधी बाहेरच जोडून बघू. मागच्या कट्ट्यावर रेग्युलेटर बसवला, पाइप आणि शेगडी जोडली, शेगडीच्या कळा बंद ठेवून रेग्युलेटर सुरू केला. सुनेनं भांड्यात साबणाचा फेस केला आणि प्रत्येक जोडावर लावला. शेगडीकडं काही नाही. पाइपला काही नाही. रेग्युलेटरच्या बुडाशी मात्र फेसाचा फुगा धरला, मोठा झाला, फुटला. परत लावला, परत फुगा.

आम्ही चौघं-पाच जणं तिथं वाकून उभे होतो. चार दिवस रंगात राहून आलेले. वास एकालाही आला नाही. दिसला तो डोळ्याला.

रेग्युलेटर लगेच बंद केला, काढला, टोपण बसवलं. सिलिंडरच्या तोंडात आत एक बारीक रबरी कडी असते, ती चिरली होती. ती वापरानं झिजते, यात कोणाचा दोष नाही. एजन्सीला फोन केला. माणूस सकाळी येतो म्हणाला आणि आला, दोन मिनिटांत कडी बदलून, परत साबण लावून दाखवून गेला. पोहे मात्र तोवर चुलीवरच झाले. पाव्हण्यांनी दोनदा मागून घेतले. हिला धुराची जी लाज वाटत होती ती तिथंच गेली. सोयरीक जमली की नाही ते पुढं कळेलच, त्याचा गॅसशी संबंध नाही.

त्या शनिवारी घाईत सिलिंडर सरळ आत गेला असता तर काय झालं असतं हे मला सांगता येत नाही. कदाचित काहीच झालं नसतं. पण नवीन रंगाच्या बंद खोलीत, उंच उंबऱ्याच्या आत, रात्रभर गॅस थोडा थोडा सुटत राहिला असता आणि घरातल्या एकाही माणसाच्या नाकाला तो कळला नसता, एवढं मात्र नक्की. पहाटे पहिली उठते ती आय आणि उठल्या उठल्या काडी ओढते तीही आयच.

म्हणून परत जोडतानाचे नियमही सांगून ठेवतो. रंगाचा वास पूर्ण जाईपर्यंत, आमच्याकडं दोन दिवस लागले, घरात ज्योत नाही. साबणाच्या पाण्यानं तपासणी बाहेर, उजेडात. काडी ओढून गळती बघायची नाही, हे अजूनही काही जण करतात. सिलिंडरच्या वरच्या कडीखालच्या पट्टीवर आतल्या बाजूला इंग्रजी ए, बी, सी, डीपैकी एक अक्षर आणि सालाचे आकडे असतात. ए म्हणजे मार्चपर्यंत, बी जूनपर्यंत, सी सप्टेंबरपर्यंत, डी डिसेंबरपर्यंत. ती सिलिंडरच्या चाचणीची मुदत आहे. मुदत गेलेली टाकी घेऊ नका, बदलून मागा, तो आपला हक्क आहे.

आणि गळती झालीच तर रेग्युलेटर बंद करा, टोपण लावा, दार-खिडक्या उघडा, माणसं बाहेर काढा. विजेचं कुठलंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. मग घरापासून लांब जाऊन १९०६ वर फोन करा. हा गॅस गळतीचा नंबर आहे, दिवसरात्र चालू असतो. आमच्या घरकुलाच्या ओळीत सुनेनं तो उरलेल्या रंगानं प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर लिहून टाकलाय. आत लिहिला नाही, कारण लागेल तेव्हा आपण बाहेर असायला पाहिजे.

ओळीतल्या बाकी दोन घरांचा रंग पुढच्या महिन्यात निघतोय. त्यांचे सिलिंडर ठेवायला आमचा मागचा कट्टा मोकळा आहे, तसं सांगितलंय. सगळ्यांनी आळीपाळीनं एकमेकांकडं चूल आणि जेवण वाटून घेतलं तर बायांना तीन दिवस धुरात बसावं लागणार नाही, असंही ठरतंय. लावणीला आपण एकमेकांच्या शेतावर जातोच, तसंच हे.

पुढची नोंद वालाची. थंडी बरी पडलीय, फुलोरा चांगला आहे, मावा दिसायला लागलाय. त्यावर दोन दिवसांत लिहितो.